कॉकटीलचं कोवळं पीस मोडलं तर : तयार 'बर्ड फर्स्ट एड किट' घ्यावं का?

रात्री एक-दोनच्या सुमारास पिंजऱ्यात एकदम धडपड होते. दिवा लावून बघावं तर कॉकटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा विदेशी पोपट, जाळीला लटकलेला, तळाच्या कागदावर आणि पाण्याच्या वाटीवर रक्ताचे शिंतोडे, एका पंखातून थेंब गळतोय. कॉकटील पाळणाऱ्या घरांत हे अधूनमधून होतंच. अंधारात पाल सरकली, खाली कुणी गाडीचा दरवाजा आपटला, एवढ्यानंही हा पक्षी दचकून उडतो आणि नुकतंच फुटत असलेलं मोठं पीस जाळीवर आपटून मोडतं. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा जखम किरकोळ असते. नेमक्या याच वेळेसाठी म्हणून पेट शॉपमध्ये आणि ऑनलाइन तयार किट विकतात. चेनचं पाउच, आत रक्त थांबवणाऱ्या पावडरची डबी, गॉज, चिकटपट्टी, स्वतःलाच चिकटणारं रंगीत बँडेज, छोटी कात्री, चिमटा, अँटिसेप्टिकचे ओले रुमाल, एखादा स्प्रे, आणि वर व्हिटॅमिनची बाटली. थोड्याफार फरकानं सगळ्यांत हेच. म्हणून एका कंपनीचं नाही, या सामानाचंच परीक्षण करतो आहोत.

मत आधीच सांगतो. तयार किट घेऊ नका. त्यातल्या दोन वस्तू कामाच्या आहेत, दोन जपून वापरायच्या, आणि उरलेल्यांतल्या काही पाखराला अपाय करणाऱ्या. शिवाय ज्या वस्तूंवाचून खरोखर अडतं, त्या या पाउचमध्ये नसतातच.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. हे सगळं कॉकटील, बजरीगर, लव्हबर्ड अशा पाळायला परवानगी असलेल्या विदेशी पोपटांसाठी आहे. आपला हिरवा, गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला पोपट आणि खांद्यावर लाल डाग असलेला मोठा करण पोपट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, ते घरी ठेवताच येत नाहीत. जखमी सापडला तर खोक्यात अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आता पिसाचं. पूर्ण वाढलेल्या पिसाचा दांडा पांढुरका, पोकळ आणि सुका असतो. तो मोडला तर रक्त येत नाही, दुखतही नाही. नखाचं टोक तुटावं तसं. वाढत असलेल्या पिसाच्या दांड्यात मात्र रक्तवाहिनी असते. हा कोंब जाडसर, जांभळट-काळपट दिसतो आणि त्याच्यावर मेणचट आवरण असतं. करड्या कॉकटीलमध्ये मूळ रंगच गडद असल्यानं फरक चटकन कळत नाही, पंख पसरून मागून टॉर्च धरला की कळतो. पाळणारे याला ब्लड फेदर म्हणतात. तो मोडला की उघड्या नळीसारखं रक्त येतं. पंखातल्या दहा मोठ्या उड्डाणपिसांपैकी किंवा शेपटीच्या बारा पिसांपैकी एखादं, बहुतेक वेळा हेच मोडतं.

किती रक्त गेलं तर काळजी करायची, याचा हिशेब प्रत्येक पाळणाऱ्याला तोंडपाठ हवा. पक्ष्याच्या शरीरात वजनाच्या साधारण दहा टक्के रक्त असतं. ९० ग्रॅमच्या कॉकटीलमध्ये ९ मिलिलिटरच्या आसपास. त्यातला दहावा भाग, म्हणजे पाऊण ते एक मिलिलिटर, निरोगी पक्षी सहज सोसतो. एक मिलिलिटर म्हणजे ढोबळमानानं वीस थेंब. ३५ ग्रॅमच्या बजरीगरला हीच सीमा सहा-सात थेंबांची. म्हणजे पिंजराभर उडालेले शिंतोडे बघून हातपाय गळायचं कारण नाही, पण बजरीगरच्या बाबतीत 'थोडंसंच तर आहे' म्हणून झोपायलाही जायचं नाही. पंख झटकल्यानं एक थेंब दहा ठिकाणी उडतो, म्हणून तळाशी छापील वर्तमानपत्राऐवजी कोरा पांढरा कागद अंथरा. ताजे थेंब त्यावर मोजता येतात.

किटमधली पहिली आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे स्टिप्टिक पावडर. पिवळट-तपकिरी रंगाची ही पूड मुख्यतः फेरिक सबसल्फेटची असते. रक्तातल्या प्रथिनांना ती जागच्या जागी गोठवते आणि नळीच्या तोंडाशी बूच बसतं. काम चोख करते, यात शंका नाही. पण ती बनवलेली असते कुत्र्या-मांजरांचं नख खोल कापलं गेलं तर लावायला. म्हणून तीन गोष्टी बघूनच घ्या. एक, घटकांत बेन्झोकेन आहे का. दुखणं कमी करायला ते काही पावडरींत घालतात, पण लहान पक्ष्यांना बधिर करणारी औषधं फार थोड्या मात्रेतही बाधतात, त्यामुळे बेन्झोकेन नसलेलीच पावडर हवी. दोन, डबी लहान हवी. एका वेळी चिमूटही लागत नाही आणि ही पूड हवेतलं पाणी ओढून घेते. मुंबई-कोकणात एका पावसाळ्यात तिचा खडा होतो. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवली तर टिकते. तीन, डबीवर घटक छापलेले नसतील तर ती घेऊच नका.

लावायची जागा एकच : मोडलेल्या दांड्याचं टोक, नाहीतर नखाचं टोक. कातडीवरच्या जखमेवर ही पावडर आग करते आणि ऊतक जाळते. पीस मुळासकट निघून आलं असेल तर त्या खड्ड्यात तर मुळीच भरायची नाही, कारण तिथून पुढचं पीस फुटायचं असतं. काही किटमध्ये पावडरीऐवजी सिल्व्हर नायट्रेटच्या काड्या असतात. त्या त्याहून दाहक. पक्ष्यासाठी नकोत.

आमच्या हिशेबात पहिला मान मात्र पावडरीला नाही, कॉर्नफ्लॉवरला. सूप दाट करायला आणतो तेच. ते गोठवत नाही, नुसतं ओल शोषून गुठळीला आधार देतं. पण आग करत नाही, कातडीला लागलं तरी चालतं, पाखरानं चोचीनं साफ केलं तरी पोटात काही वाईट जात नाही. किरकोळ मोडलेल्या पिसाचं रक्त बहुतेक वेळा यानंच थांबतं. घरात नसेल तर मैदाही चालतो. हळदीचं नाव निघणारच, कारण आपल्याकडे कापलं की हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. इथे नको. पूड म्हणून तिचं जे काम, ते कॉर्नफ्लॉवर तितकंच करतं. वर फिक्या पिसांवर पिवळा डाग राहतो आणि पाखरू तो टोचत बसतं. त्याहून मोठं कारण म्हणजे सुट्या हळदीत रंगासाठी लेड क्रोमेटची, म्हणजे शिशाच्या पिवळ्या संयुगाची भेसळ सापडलेली आहे, आणि शिसं पक्ष्यांना अगदी अल्प मात्रेतही विषारी. चुना, तंबाखू, कॉफी हे तर विचारातही आणू नका.

रक्त थांबवायची रीत अशी. आधी दिवा लावा, पंखा बंद करा, आणि दोन मिनिटं नुसतं बघा. घाबरलेलं पाखरू धरलं की त्याचा रक्तदाब वाढतो, ठोके वाढतात, आणि थांबत आलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. शांत बसलं की बऱ्याचदा आपोआप थांबतं. मग हात लावायचाच नाही. थेंब पडतच राहिले तर कॉर्नफ्लॉवर पाव चमचा एका झाकणात काढून, गॉजचा तुकडा शेजारी ठेवून, मगच पाखरू धरा. आधी पाखरू आणि मग डबा शोधणं, ही नेहमीची चूक. धरायला टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात आणि ओढाताणीत बोट दुखावतं. साधा सुती पंचा सर्वांत उत्तम. अंगठा आणि पहिलं बोट जबड्याच्या दोन्ही बाजूंना, तळहातावर पाठ, आणि छातीवर दाब अजिबात नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच हवा आत जाते. छाती आवळली की श्वास बंद.

दुसऱ्या माणसानं पंख त्याच्या मनगटाच्या सांध्याशी, म्हणजे मिटल्यावर पुढे येणाऱ्या वाकाशी धरून हलकेच पसरायचा आणि मोडलेला दांडा हुडकायचा. रक्तानं पिसं चिकटलेली असतात, तेव्हा गॉज नॉर्मल सलाइनमध्ये (मिठाच्या निर्जंतुक पाण्यात) भिजवून टिपून घ्या, पुसू नका. दांड्याच्या टोकाशी तांबडा मणी फुगताना दिसतो. तिथे कॉर्नफ्लॉवरची चिमूट ठेवून गॉजनं दाबून धरा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. मध्येच उचलून 'थांबलं का' बघितलं की गुठळी गॉजबरोबर निघून येते. नाही थांबलं तर पुन्हा एकदा. तरीही नाही, तर मग स्टिप्टिक : इअरबड किंचित ओला करून पावडरीला टेकवायचा आणि टोकावर अर्धा मिनिट दाबायचा. एकूण धरणं पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. मधेच पाखरू चोच उघडून धापा टाकू लागलं तर सोडून द्या, रक्त येत असलं तरी. पाच मिनिटं विसावू द्या, मग पुन्हा.

किटमधलं गॉज कामाचं, पण तेच निर्जंतुक पाकीट मेडिकलवाल्याकडे चहा-वड्याच्या पैशांत मिळतं. कापूस नको, त्याचे तंतू रक्तात अडकतात. रंगीत बँडेजबद्दल मात्र जरा कडकच लिहायला हवं. ते पिसांना चिकटत नाही हा त्याचा गुण खरा. पण तीन इंची पट्टा ९० ग्रॅमच्या जिवाला गुंडाळायचा कसा? घरी लोक तो पंखावरून छातीभोवती नेतात. हे बँडेज बांधल्यावर हळूहळू आवळत जातं, आणि वर सांगितलं तसं छातीचं हाड हललं नाही तर पाखरू गुदमरतं. मोडलेल्या पिसाला बँडेज लागतच नाही. पंखाचं हाड मोडलं असेल तर बांधायचं ते इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, आणि ते काम डॉक्टरांचं. साधी चिकटपट्टी तर काढताना दहा चांगली पिसं घेऊन येते.

अँटिसेप्टिक रुमालांत बहुधा अल्कोहोल किंवा सुगंधी द्रव्यं असतात. पक्ष्याच्या पातळ कातडीला ती झोंबतात, आणि पिसावर राहिलेलं सगळं चोचीतून पोटात जातं. डेटॉलसारखी फिनॉल गटातली द्रव्यंही नकोत. कातडीला खरचटलं असेल तर पोव्हिडोन आयोडीन चालतं, पण पातळ करून : १०० मिलिलिटर सलाइनमध्ये १० टक्केवाल्याचे एक ते दोन मिलिलिटर. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. मलमं एकूणच टाळा. तेलकट मलम चोचीमुळे अंगभर पसरतं, पिसं चिकटतात आणि ऊब धरून ठेवायची त्यांची ताकद जाते. छोट्या पक्ष्याला त्यानंच थंडी बाधते. बाम, आयोडेक्स, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या यांतलं काहीही नाही, कणभरही नाही.

आता चिमटा. किटबरोबरच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा लिहिलेलं असतं की मोडलेलं ब्लड फेदर मुळाशी धरून उपटावं. जुन्या पाळणाऱ्यांचाही हाच सल्ला असतो. आमचा त्याला स्पष्ट विरोध आहे. पंखाची मोठी पिसं थेट हाडाशी जोडलेली असतात. उपटताना पंखाला खालून नीट आधार नसेल तर ते बारीक हाड मोडतं. दांडा वरच तुटून अर्धा आत राहिला तर रक्त कातडीखालून येतं आणि दाबायला जागाच उरत नाही. खड्डा दुखावला तर पुढची पिसं वेडीवाकडी येतात किंवा येतच नाहीत. आणि वेदना किती होत असतील, हे पाखराच्या एका किंकाळीत कळतं. रक्त थांबलं असेल तर ते पीस तसंच राहू द्या. काही आठवड्यांत कोंब सुकतो, आतली वाहिनी आक्रसते, आणि पुढच्या पिसगळीत मोडका दांडा आपसूक पडतो. थांबतच नसेल तर उपटायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, त्यांच्याकडे वेदनाशामक आणि पकडीचा चिमटा दोन्ही असतात. सौंदर्यप्रसाधनाचा नाजूक चिमटा तर ओला दांडा नीट धरतही नाही, घसरतो.

कात्रीचंही तेच. कोवळं पीस कापलं म्हणजे दुसरी जखम केली. आणि तीच कात्री घेऊन 'पुन्हा उडून आपटू नको' म्हणून पंख छाटणं हा तर उलटा उपाय. नवीन कोंब वाढताना शेजारची पूर्ण पिसं त्याला दोन्ही बाजूंनी सांभाळतात. शेजारची पिसं छाटली की कोंब एकटाच पुढे येतो आणि प्रत्येक धडपडीत पहिला मार त्यालाच बसतो. ज्या कॉकटीलची पिसं पुन्हा पुन्हा मोडतात त्याचे पंख छाटलेले आहेत का, ते आधी बघा.

'पिसं लवकर येण्यासाठी' म्हणून येणारी व्हिटॅमिनची बाटली केराच्या टोपलीत गेली तरी नुकसान नाही. पाण्यात घातलं की पाण्याची चव बदलते, पाखरू कमी पितं, आणि पाण्यात जंतू भराभर वाढतात. पीस बहुतांशी केराटिनचं, म्हणजे प्रथिनाचं बनलेलं असतं. त्यामुळे नुसत्या राळा-बाजरीवर वाढणाऱ्या पाखराला पिसगळीच्या दिवसांत उकडलेल्या अंड्याचा चमचाभर चुरा आठवड्यातून दोनदा, भिजवून मोड आणलेले मूग, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर द्या. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवा. कडू स्प्रे तर सपशेल निरुपयोगी. जखमेशी चाळा करू नये म्हणून तो मारतात, पण त्यानं पाखरू उलट अंग साफ करत बसतं.

पाउचमध्ये नसलेल्या वस्तूंत पहिला नंबर वजनकाट्याचा. एक-एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पाचशे रुपयांच्या आत मिळतो आणि अख्ख्या किटपेक्षा जास्त उपयोगी पडतो. त्यावर दांडी लावा, सकाळी खायच्या आधी वजन घ्या आणि लिहून ठेवा. पक्षी आजार लपवतो, वजन लपवू शकत नाही. ९० चा कॉकटील ८१ वर आला, म्हणजे दहा टक्के घटला, तर पिसाची जखम भरलेली दिसत असली तरी डॉक्टर गाठा.

दुसरी, आरामाची पेटी. मोठा पिंजरा नको. छोटा कॅरिअर किंवा भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाशी पांढरा कागद, दांडी असलीच तर जमिनीपासून दोन-तीन इंचांवर, दाणा-पाणी हाताशी. तीन बाजू झाका. आतली हवा २८ ते ३० अंश हवी. पूर्वी साठ वॉटचा पिवळा बल्ब लावत, आताचे एलईडी ऊब देत नाहीत. गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून पेटीच्या एकाच बाजूला टेकवा, म्हणजे उकडलं तर पाखराला दुसरीकडे सरकता येईल. उष्णतेचा दिवा विकत घेणार असाल तर त्यावर टेफ्लॉनचा लेप नाही याची खात्री करा. तापलेल्या टेफ्लॉनचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. त्या खोलीत अगरबत्ती, कापूर, डासांची कॉइल लावू नका.

पहिला तास दर दहा मिनिटांनी कागद बघा. नवा थेंब नसेल तर झोपू द्या. चोवीस तास अंघोळ नाही, फवारा नाही, खपलीला हात नाही. दुसऱ्या दिवशी कोमट सलाइननं भोवतीची पिसं टिपून घ्या, पण टोकावरची खपली तशीच राहू द्या. आठवडाभर पिंजऱ्याबाहेर उडायला सोडू नका.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं ते ठाम सांगतो. दाबूनही दहा मिनिटांत रक्त थांबलं नाही, थांबून दोनदा पुन्हा सुरू झालं, पंख खाली लोंबतोय, श्वासागणिक शेपूट वर-खाली होतंय, पाखरू फुगून तळाशी बसलंय, यांतलं एक जरी दिसलं तर लगेच. आणि मांजराचा दात किंवा नख लागलं असेल तर ओरखडा केवढाही असो, त्याच दिवशी. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात उतरले की दोन दिवसही मिळत नाहीत, अँटिबायोटिक वेळेत सुरू व्हावं लागतं. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, म्हणून हा फोन रात्री दोनला नाही, आजच करून ठेवा. विचारायचे प्रश्न दोनच : पक्षी तपासता का, आणि त्याचं वजन ग्रॅममध्ये घेता का. दुसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरे डॉक्टर शोधा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला जुने लोक बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, तिथे पक्ष्यांवरही उपचार होतात.

यादीतली शेवटची वस्तू सगळ्यात स्वस्त : झिरोचा बल्ब. कॉकटीलला अंधारात दिशा सापडत नाही, म्हणून दचकल्यावर तो सरळ जाळीवर जातो. अर्ध्या वॉटचा एलईडी पिंजऱ्यापासून चार-पाच फुटांवर, थेट डोळ्यांवर येणार नाही असा रात्रभर चालू ठेवा. पिंजरा पूर्ण झाकत असाल तर एक बाजू उघडी ठेवा. दांडीच्या वर लोंबणारे आरसे-घुंगरू रात्रीपुरते काढा, कोंब त्यांच्यावरही आपटून मोडतात. आणि मे संपता संपता स्टिप्टिकची बाटली उघडून बघा. पूड मोकळी सांडत नसेल, गोळे झाले असतील, तर पावसाआधी नवी आणा.